काहिलीतलं पाणी : पुरानंतरच्या एका लेप्टोची केस

त्या केसपेपरवर मी लिहिलेला पहिलाच शब्द चुकला होता. 'गोचीड ताप' असं लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्हसुद्धा टाकलं नाही. तो कागद मी अजून जपून ठेवलाय. नवीन शिकाऊ डॉक्टर माझ्या जनावरांच्या दवाखान्यात आले की त्यांना तो दाखवतो आणि विचारतो, "यात काय राहिलंय?" बहुतेकांना सापडत नाही, कारण जे राहिलं ते कागदावर नाहीच. मी विचारलंच नव्हतं.

गोष्ट ऑगस्ट २०२१ची. त्या जुलैत पंचगंगेनं काय केलं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे इथल्या पोरासोरांनाही पाठ आहेत. त्या वर्षी पाणी ५० फुटांच्याही वर गेलं. चिखली-आंबेवाडीच्या पट्ट्यातलं एक कुटुंब म्हशी, दोन रेडकं आणि कुत्रं घेऊन उंचावरच्या सोनतळीला गेलं, आणि पाणी ओसरल्यावर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परत आलं. घरात गुडघाभर गाळ होता. रानात ऊस आडवा झालेला. गुऱ्हाळघर तेवढं जरा उंचावर, म्हणून घर धुऊन वाळेपर्यंत जनावरं, पेंडीची पोती आणि माणसांचा अर्धा संसार तिथंच होता.

नागपंचमी होऊन आठवडा झाला असेल. घरातले काका आणि त्यांची सून वाघ्याला टेम्पोत घालून घेऊन आले. वाघ्या तीन वर्षांचा नर, अर्धा कारवानी आणि अर्धा गावठी. लांब पाय, आत गेलेलं पोट, वजन २२ किलो.

"खाईनाच की ओ डॉक्टर. कालपासनं नुसता पडून हाय," काका म्हणाले.

ताप १०४.२ फॅरनहाइट. कुत्र्याचा नेहमीचा १०१ ते १०२.५ असतो, म्हणजे ताप सणसणीत. कान उलटा केला तर आतल्या घडीत करड्या मण्यांसारख्या फुगलेल्या चार गोचिडी, पुढच्या पंजाच्या बोटांमध्ये आणखी दोन. पावसाळ्यात अंगावर गोचीड आणि अंगात ताप घेऊन कुत्रं आलं की आमचा हात आपोआप एकाच बाटलीकडे जातो. माझाही गेला. कानाच्या टोकाला सुई टोचून रक्ताची स्लाइड केली, गोचीड तापाचं इंजेक्शन दिलं आणि उद्या या म्हणून सांगितलं.

तपासताना एक गोष्ट हाताला लागली होती. कमरेवर, बरगड्या संपतात तिथं दाबलं तेव्हा वाघ्या कण्हला आणि पाठ कमानीसारखी वर केली. टेम्पोत हाडं खिळखिळी झाली असतील असं मी धरलं. त्या जागेच्या खाली मूत्रपिंडं असतात हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल.

स्लाइड संध्याकाळी स्वतः पाहिली. गोचीड तापाचे जंतू दिसले नाहीत. पण स्लाइडवर दिसले नाहीत म्हणजे आजार नाही, असं म्हणता येत नाही. वाक्य खरं आहे. अडचण अशी की ते मी त्या दिवशी स्वतःची समजूत कायम ठेवायला वापरलं. दुसऱ्या दिवशी ताप उतरलेला, वाघ्या उभा राहिलेला. मी खूश. पण दोनदा उलटी झाल्याचं सूनबाई सांगत होत्या ते मी औषधाच्या खात्यावर टाकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा आले तेव्हा काकांच्या हातात एक बाटली होती. पलीकडच्या गावातून आणलेलं काविळीचं औषध. म्हणजे पिवळेपणा माझ्या आधी घरच्यांना दिसला होता. आमच्या तपासणीच्या खोलीत ट्यूबलाईट आहे आणि तिच्या उजेडात पिवळं कळत नाही, हे सगळ्याच दवाखान्यांचं दुखणं आहे. वाघ्याला उचलून खिडकीशी नेलं, ओठ वर केला. हिरड्या हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारख्या, आणि वरच्या सुळ्याच्या मुळाशी लाल टाचणीच्या टोकाएवढे ठिपके. डोळ्याच्या पांढऱ्यातही तोच रंग.

गोचीड तापातही कावीळ होते. तिथं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून हिरड्या आधी फिक्या पडतात आणि मग पिवळ्या होतात. वाघ्याच्या हिरड्या फिक्या नव्हत्या. हिमोग्लोबिन जवळपास ठीक होतं. मग पिवळं आलं कुठून?

लघवी तपासायचं ठरवलं. वाघ्या दवाखान्यात पाय वर करायला तयार नाही, म्हणून कंपाउंडरनं त्याला मागच्या बोळात नेलं आणि हातमोजे घालून स्टीलची वाटी खाली धरली. चहाच्या कपाच्या तळाशी उरते तेवढी लघवी मिळाली, रंग काळ्या चहासारखा. पट्टी बुडवली. त्या पट्टीवर एका ओळीत चौकोन असतात आणि प्रत्येकाचा रंग बदलायची वेळ वेगळी असते. पित्ताचा चौकोन बदलणार हे ठाऊक होतं. पण साखरेचा चौकोनही बदलायला लागला. लगेच कानातून थेंब काढून ग्लुकोमीटरवर रक्तातली साखर पाहिली : ९६. अगदी नेहमीची.

रक्तात साखर वाढलेली नाही आणि लघवीत मात्र साखर आहे. याचा अर्थ मधुमेह नाही. मूत्रपिंडातल्या बारीक नळ्या गाळलेली साखर परत शोषून घेतात, ते काम त्या नळ्यांनी सोडून दिलंय. यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही एकदम बिघडलीत, अंगावर रक्ताचे ठिपके आहेत, ताप येऊन गेलाय, आणि दिवस महापुरानंतरचे आहेत. आता कुठं मी खुर्ची ओढून सूनबाईंसमोर बसलो आणि पहिल्या दिवशी विचारायचा प्रश्न विचारला : हा पाणी कुठलं पितो?

"आमी भांडं भरून ठेवतोय की. पण त्यो तोंडच लावत न्हाई. काहिलीतलं पितो."

ज्यांनी गुऱ्हाळ जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची अवाढव्य पसरट कढई, चार माणसं सहज आत बसतील एवढी. हंगामात ती चुलवाणावर, म्हणजे गुऱ्हाळाच्या भट्टीवर असते. पुरात चुलवाण ढासळलं म्हणून काहील बाहेर काढून भिंतीला लागून उताणी ठेवली होती. श्रावणसरींनी ती वीतभर भरली. पोरं त्यात पाय धूत, म्हशी तोंड घालत, आणि वाघ्याला तेच पाणी गोड लागे.

"तिथं उंदीर आहेत का?"

काका हसले. "उंदरांचं काय घेऊन बसला डॉक्टर, घुशी हायत घुशी. पेंडीच्या पोत्याखाली नांदत्यात. ह्यो रात्री दोन तरी मारतोय."

शेतातल्या बिळात पाणी शिरलं की उंदीर-घुशी काय करणार? माणूस जातो तिथंच जाणार, उंचावर. त्या पट्ट्यात उंच जागा मोजक्या, त्यातली एक हे गुऱ्हाळघर.

हा आजार म्हणजे लेप्टो. तो करणारा लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा पिळाचा जिवाणू. उंदराच्या मूत्रपिंडात तो मुक्काम करतो. उंदराला फारसं काही होत नाही, पण त्याच्या लघवीतून तो महिनोन्‌महिने बाहेर पडत राहतो. कोरड्या उन्हात लवकर मरतो, पण ऊबदार ओलीत, साचलेल्या पाण्यात, चिखलात आठवडेच्या आठवडे टिकतो. अंगात शिरायला त्याला चावा लागत नाही. खरचटलेली जागा, पाण्यात राहून मऊ पडलेली कातडी, डोळा किंवा तोंडातला ओला पडदा पुरतो. कुत्र्यात लक्षणं साधारण आठवड्याभरात दिसतात. तोवर तो रक्तातून फिरून यकृत-मूत्रपिंडात पोचलेला असतो. वाघ्याच्या बाबतीत दोन्ही वाटा उघड्या होत्या, काहिलीतलं पाणी आणि तोंडात धरलेली घूस.

रक्ताचे अहवाल दुपारी आले. क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचं काम बिघडलं की रक्तात हे वाढतं) ४.८, बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, चढलेलं, प्लेटलेट्स घसरून ७० हजार. पीसीआरसाठी, म्हणजे जिवाणूचा अंश शोधणाऱ्या चाचणीसाठी, रक्त आणि लघवी बाहेरगावच्या प्रयोगशाळेला पाठवली. अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी ती काढली, हे त्या तीन दिवसांतलं माझं एकमेव शहाणपण. अहवाल पाच दिवसांनी लेप्टो पॉझिटिव्ह आला, पण त्याची वाट पाहत कुणी थांबत नाही, थांबूही नये.

इथं आणखी एक धागा निघाला. पहिल्या दिवशी माझ्याकडे यायच्या आधी घरातल्या कुणीतरी वाघ्याला मेडिकलमधून आणलेली अंगदुखीची गोळी भाकरीत घालून दिली होती. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली. मायेनंच दिली असणार. पण आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला झेपत नाही, आणि पॅरासिटामॉल मांजराला तर थोडंही जीवघेणं ठरतं. आधीच जिवाणूनं मार दिलेल्या मूत्रपिंडावर ही गोळी आणि वर माझं नको असलेलं इंजेक्शन. यातल्या कुणाचा वाटा किती, हे वेगळं काढता येत नाही. म्हणून दोष फक्त उंदरांच्या माथी मारायला मला जमत नाही.

पुढचे सहा दिवस वाघ्या दवाखान्यात होता. उलट्या थांबेपर्यंत गोळी पोटात टिकणार नाही म्हणून अँपिसिलिन शिरेतून, आठ-आठ तासांनी. सलाइन सतत. पण लेप्टोत सलाइनचा हिशेब दोन्ही बाजूंनी ठेवावा लागतो, आत किती गेलं आणि बाहेर किती आलं. निरोगी कुत्रं दर तासाला किलोमागे एक ते दोन मिलिलिटर लघवी करतं, म्हणजे वाघ्याला तासाला निदान २२ मिलिलिटर हवी. मूत्रपिंडानं काम टाकलं असेल आणि आपण सलाइन ओतत राहिलो तर पाणी फुप्फुसात साचतं. पहिल्या रात्री चार तासांत मिळून ३० मिलिलिटर निघाली. मी घरी गेलो नाही. सलाइनचा वेग कमी केला, लघवी वाढवायचं इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या-अर्ध्या तासाला त्याचे श्वास मोजत बसलो. पहाटे चारच्या सुमारास वाघ्या उठला, साखळी ओढत दारापर्यंत गेला आणि उंबऱ्यावरच मोकळा झाला. कंपाउंडर वाटी घेऊन पळाला तोवर निम्मी वाहून गेली होती. तरी वाटीत ११० मिलिलिटर भरली. त्या उंबऱ्यावर ब्लीचिंग पावडर टाकताना तो पोरगा चक्क गुणगुणत होता.

चौथ्या दिवशी वाघ्यानं मऊ भात आणि उकडलेलं अंडं खाल्लं. मग डॉक्सिसायक्लिन हे दुसरं अँटिबायोटिक सुरू केलं, १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १४ दिवस. गोळी नुसती घशात ढकलायची नाही, घासातच द्यायची. ती अन्ननलिकेत अडकली तर तिथं जखम करते. आणि कुत्रं खेळायला लागलं म्हणून सातव्या दिवशी गोळ्या बंद करायच्या नाहीत. कुत्रं बरं दिसत असतानाही जिवाणू मूत्रपिंडात दडून राहतो आणि लघवीतून घरभर जातो. हे १४ दिवस त्याला तिथून हुसकून काढण्यासाठी असतात.

माणसांचं काय? पुरानंतर चिखलात वावरून घरातल्या सगळ्यांच्याच पायांना चिखल्या झालेल्या, बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून फुटलेल्या. त्या पायांनी पोरं काहिलीत उतरत होती. मी माणसांचा डॉक्टर नाही. सगळ्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं आणि एका चिठ्ठीवर ठळक लिहून दिलं : 'घरातील कुत्र्यास लेप्टोची दाट शंका.' काकांच्या पुतण्याला दोन दिवस ताप होता आणि पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की जिना उतरवेना. ते दिवस कोरोनाचे, त्यामुळे आधी नाकात काडी गेली. ती चाचणी निगेटिव्ह आल्यावर चिठ्ठी कामाला आली. तिथल्या डॉक्टरांनी लगेच औषध सुरू केलं आणि पोरगं आठवड्यात उसात भांगलायला गेलं.

घरी सोडताना वाघ्याचं क्रिएटिनीन २.१ होतं. कागदावर सूचना लिहिल्या. लघवीची जागा हातमोजे घालून ब्लीचिंगच्या पाण्यानं धुवा. त्याला पोरांचं तोंड चाटू देऊ नका. त्याला ठरावीक ठिकाणीच फिरवा, म्हशींच्या गोठ्यात नको, कारण गाभण म्हशीला लेप्टो झाला तर ती गाभडू शकते. काहील पालथी घाला. आणि सगळ्यात खाली : 'उंदरांचा बंदोबस्त करा.'

ही शेवटची ओळ या केसमधली माझी दुसरी चूक.

बारा दिवसांनी रात्री काकांचा फोन. "डॉक्टर, गुऱ्हाळात घुबड बसलंय. खाली, जमिनीवर. उडंना झालंय. आई म्हणत्यात अपशकून हाय, नदीला सोडून या."

घुबड जमिनीवर बसतं तेव्हा शकून-अपशकून त्याच्याच नशिबात असतो. मी गेलो. गव्हाणी घुबड होतं, बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा, सोनेरी-करडी पाठ. एक पंख जमिनीला टेकलेला, डोळे अर्धे मिटलेले. चोचीच्या कोपऱ्यात रक्त सुकलेलं आणि त्यावर ताजं ओघळलेलं. जखम कुठंच नाही. बॅटरी फिरवली तेव्हा भिंतीच्या कडेनं पोत्यांच्या मागे गुलाबी वड्या दिसल्या, काही कुरतडलेल्या.

त्या ब्रोमाडिओलोनच्या, म्हणजे उंदरांच्या विषाच्या वड्या. त्या खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. रक्त गोठायचं बंद होतं आणि तीन-चार दिवस तो आत रक्त झिरपत फिरत राहतो. शेवटी शेवटी सुस्तावतो, भर उजेडातही बाहेर येतो. घुबडाला, धामणीला, मांजराला यापेक्षा सोपी शिकार कुठली? घुबड तर उंदीर अख्खा गिळतं. गव्हाणी घुबड एका रात्रीत दोन-चार उंदीर सहज खातं. म्हणजे काकांच्या पेंडीचा फुकटचा राखणदार आम्हीच विष घालून मारत होतो, आणि ते विष घाला असं माझ्या कागदावर लिहिलेलं नसलं तरी घालू नका असंही लिहिलेलं नव्हतं.

आजींना मी म्हटलं, लक्ष्मीचं वाहन हाय आजी, नदीला कसलं सोडता? त्या गप्प झाल्या, पण पदर काही तोंडावरून काढला नाही. भोकं पाडलेल्या खोक्यात जुनं धोतर अंथरून घुबडाला अंधारात ठेवलं. पाणी, दूध, मटणाचा तुकडा काहीही चोचीत घालायचं नाही. श्वासनळीत गेलं तर तिथंच संपतं. वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर कळवलं आणि त्यांची माणसं येईपर्यंत के-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं, या विषावर तेच उतारा आहे. उशीर झाला होता. पहाटेआधीच ते गेलं. सरकारी डॉक्टरांनी शवविच्छेदन केलं तेव्हा पोटाच्या पोकळीत न गोठलेलं रक्त होतं.

वाघ्यानं त्या आठवड्यात घूस धरली असती तर? सुदैवानं तो तोवर साखळीला होता. एरवी लेप्टोतून वाचवलेलं कुत्रं मी उंदराच्या विषानं घालवलं असतं.

तेव्हापासून 'बंदोबस्त' हा शब्द मी एकटा लिहीत नाही. पोती जमिनीवरून हातभर उंच फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब, म्हणजे मागे लपायला जागा राहत नाही. पेंड झाकणाच्या पिंपात. कुत्र्याचं उरलेलं खाणं रात्री उचलायचं. शेंगदाणा लावून पिंजरे, आणि सापडलेल्या उंदराला हात लावताना हातमोजे. विष नको, आणि धामण दिसली तर काठी नको. काकांना यातलं सगळं पटलं असं नाही. धामणीच्या बाबतीत ते अजून "बघू" म्हणतात.

लस? वाघ्याला दरवर्षी टोचलेली होती, पण ती रेबीजची. गावाकडे 'कुत्र्याला लस दिलीय' याचा अर्थ बहुधा तेवढाच असतो. लेप्टोची लस त्या सात-आठ रोग एकत्र असलेल्या सुईत असते. पहिल्यांदा देताना दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस, मग दरवर्षी एक. जिवाणूचे प्रकार बरेच आहेत आणि लशीत त्यातले काहीच असतात, म्हणून लस दिली की काहिलीतलं पाणी चालेल असं होत नाही. पण पुराच्या पट्ट्यातल्या कुत्र्याला ती असायलाच हवी, आणि मृग लागायच्या आत दोन्ही डोस व्हायला हवेत. जुलैत आठवण येऊन उपयोग नसतो.

वाघ्याचे दोन्ही डोस बरा झाल्यावर मी दिले. क्रिएटिनीन १.७ वर येऊन थांबलंय, त्याखाली जात नाही. मूत्रपिंडाचा काही भाग कायमचा गेला. तो पूर्वीपेक्षा जास्त पाणी पितो, म्हणून भांडं कधी कोरडं ठेवायचं नाही. सूनबाई सांगत होत्या, ते भांडं घराच्या दारात ठेवलं तर तो अजूनही तोंड लावत नाही. पालथ्या काहिलीला खेटून ठेवलं, तरच पितो.